औषधप्रतिरोधी क्षयरोगाच्या चाचण्या: मोजायचे काय आणि कशाशी?

स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरील औषधाच्या 1948 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्ण सुरुवातीला सुधारले आणि पुढे अनेकांच्या जंतूंनी औषधाला दाद देणे बंद केले. एकाच औषधावर विसंबता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तरीही आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर कित्येक वर्षे अठरा ते चोवीस महिन्यांचे, श्रवणशक्ती हिरावणाऱ्या इंजेक्शनांसह उपचार दिले गेले, आणि त्यांना यादृच्छिक चाचण्यांचा (रुग्णांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करणाऱ्या चाचण्यांचा) आधार जवळपास नव्हताच.

खरा वाद पेटला तो डिसेंबर 2012 मध्ये, अमेरिकी नियामकाने बेडाक्विलिन या नव्या औषधाला त्वरित मंजुरी (पूर्ण पुरावा हाती येण्याआधीच दिली जाणारी मंजुरी) दिली तेव्हा. मुख्य आधार होता 160 रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचा, आणि निकष होता थुंकीचे कल्चर निगेटिव्ह होण्यास, म्हणजे प्रयोगशाळेत थुंकीतून जंतू वाढेनासे होण्यास, लागणारा कालावधी. औषध घेणाऱ्या गटात तो 83 दिवस, तर प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) गटात 125 दिवस भरला. मृत्यू मात्र औषधाच्या गटात 10 झाले, प्लासिबो गटात 2. या मृत्यूंमागे समान कारण आढळले नाही, हे खरे. पण रुग्ण जगतो की नाही, यापेक्षा कल्चर किती दिवसांत निगेटिव्ह होते याला वजन देणारा निकष अपुरा होता, हे नाकारता येत नाही. दुसरीकडे, पर्याय संपलेल्या रुग्णांना थांबायला सांगणेही सोपे नव्हते. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष हाती यायला 2022 उजाडले.

तुलनेच्या गटाचा पेच त्याहून किचकट ठरला. नऊ ते बारा महिन्यांच्या उपचारक्रमाची जागतिक आरोग्य संघटनेकडून 2016 साली शिफारस झाली ती निरीक्षणात्मक माहितीवर. त्याची यादृच्छिक चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत त्यातील इंजेक्शनांवरचा भर ओसरलाही होता. प्रेटोमॅनिड या आणखी एका नव्या औषधाला 2019 मध्ये मंजुरी मिळाली ती 109 रुग्णांच्या, तुलनेचा गटच नसलेल्या अभ्यासावर, आणि त्यात सोबत दिलेल्या लिनेझोलिड या औषधाच्या 1200 मिलिग्रॅम मात्रेमुळे बहुतेकांना मज्जातंतूंचा त्रास झाला. म्हणून पुढच्या चाचणीत मात्रा कमी करून पाहिली गेली.

प्रेटोमॅनिडचा समावेश असलेल्या, सहा महिन्यांच्या, पूर्णतः तोंडाने घ्यायच्या उपचारक्रमाची 2022 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली चाचणी सर्वाधिक उद्धृत होते: प्रतिकूल निकाल 11 टक्के, तर प्रचलित उपचारांत 48. या 48 मध्ये उपचार अर्ध्यावर थांबलेल्यांचा वाटा मोठा होता, हे आकडे उद्धृत करताना बहुधा सुटते. त्याच वर्षी या उपचारक्रमाची शिफारस झाली. चौदा वर्षांखालील मुले आणि गर्भवती स्त्रिया मात्र त्याबाहेर राहिल्या, कारण प्रेटोमॅनिडच्या चाचण्यांत त्यांना घेतलेच नव्हते.