गिटारच्या तारा व त्यांची निवड

वाद्याची बांधणी, वाजवणाऱ्याचा हात आणि वाजवायचे संगीत या तिन्हींना मानवेल अशा जाडीची व धातूची तार ठरवणे, म्हणजे गिटारच्या तारांची निवड. ज्या घरात तानपुरा आहे तिथे यामागचे तत्त्व नवे नाही. जोडाच्या तारा पोलादी आणि खर्जाची तार जाड व पितळी असते, कारण तार ढिली न पडू देता खालचा स्वर मिळवायचा तर तिचे वजन वाढवावे लागते. बडोद्यात संगीतज्ञ मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली. त्या शहरात ही समज जुनी आहे आणि गिटारलाही तीच लागू पडते. गिटारमध्ये मात्र खालच्या तारांच्या पोलादी गाभ्यावर बारीक तारेचा वेढा देतात. त्यामुळे वजन वाढते, पण तेवढ्याच जाडीच्या अखंड तारेसारखा ताठरपणा येत नाही.

संच त्याच्या सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. अकूस्टिक गिटारवर ‘बाराचा’ संच, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंच, सर्रास वापरला जातो, इलेक्ट्रिकवर ‘नऊचा’ (०.००९ ते ०.०४२) किंवा ‘दहाचा’ (०.०१० ते ०.०४६) चढवतात. हे आकडे किरकोळ वाटतात, पण वजन जाडीच्या वर्गाने वाढते. त्यामुळे एकाच लांबीवर व एकाच स्वरात लावलेल्या दहाच्या पहिल्या तारेपेक्षा बाराच्या तारेवर सुमारे ४४ टक्के जास्त ताण येतो. बोटाला जाणवतो तो हाच ताण. जाड तारेने लाकडी पेटी अधिक हलते आणि आवाज भरदार येतो, तर बारीक तार बाजूला ओढून मींड काढायला सोपी जाते. भावगीताची साथ शिकणाऱ्या मुलाला अकूस्टिकवर दहा किंवा अकराचाच संच द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. दुखऱ्या बोटांमुळे पहिल्या महिन्यातच वाद्य कोपऱ्यात पडणे ही मोठी हानी आहे.

धातूचा प्रश्न दोन्ही वाद्यांत वेगळा आहे. अकूस्टिकच्या वेढ्यासाठी ब्राँझ वापरतात. ‘८०/२०’ नावाच्या मिश्रधातूत ८० टक्के तांबे व २० टक्के जस्त असते, म्हणजे खरे पाहता ते पितळच होय, आणि त्याचा आवाज लखलखीत असतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील व किंचित फॉस्फरस असतो. त्याचा आवाज उबदार येतो आणि अधिक काळ टिकतो. इलेक्ट्रिकचा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन टिपणारा भाग, चुंबकीय असल्याने त्याला ब्राँझचा वेढा जवळजवळ ‘ऐकू’ येत नाही, फक्त आतला पोलादी गाभा ऐकू येतो, आणि वेढ्याच्या तारा साध्या तारांपुढे फिक्या पडतात. म्हणून तिथे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा, शुद्ध निकेलचा किंवा स्टेनलेस स्टीलचा वेढा घ्यावा.

नायलॉनच्या तारांसाठी बांधलेल्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. बाराचा पोलादी संच सुरात लागला की पेटीवर सुमारे ७० किलोचा भार येतो. नायलॉनच्या संचाचा भार त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि पेटीची बांधणी तेवढ्याच बेताने हलकी केलेली असते. पोलादी तारांनी ब्रिज, म्हणजे पेटीवरची तारा अडकवण्याची पट्टी, उखडतो, दांडी वाकते.

पावसाळ्यात बडोद्याची हवा दमट होते. लाकूड फुगून तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि साध्या पोलादी तारांना गंज चढतो. घामट हाताच्या वादकाला अशा वेळी पातळ लेपाच्या तारा, महाग असल्या तरी, परवडतात. जुनी झालेली तार ओळखण्यासाठी तिच्या खालच्या अंगावर नख फिरवावे. पडद्यांवर घासून पडलेल्या खाचा नखाला लागतात आणि अशी तार वरच्या पडद्यांवर बेसूर बोलते. एकच तार तुटली तरी संच जुना असेल तर सहाही तारा बदलाव्यात, नाहीतर नवी तार एकटीच झगझगीत वाजत राहते. नव्या तारा ताणून स्थिरावेपर्यंत वारंवार उतरतात. म्हणून गणेशोत्सवातल्या किंवा नवरात्रातल्या कार्यक्रमासाठी संच आदल्या दिवशी तरी चढवून, प्रत्येक तार हलकेच ओढून पुन्हा सुरात लावावी.