तीसपैकी तीस गुण: बुद्धिमान वृद्धांमधील अल्झायमर उशिरा का कळतो?

स्मृतिभ्रंशाची शंका आली की डॉक्टर आजही जी छोटी चाचणी घेतात, ती मार्शल फोलस्टीन, सुझन फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. आज वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करत जा, मघाशी सांगितलेले तीन शब्द पुन्हा सांगा, असे तिचे प्रश्न आहेत. एकूण गुण ३० आणि २४ च्या खाली गेल्यास शंका, असा दंडक पुढे रूढ झाला. ती इस्पितळातील रुग्णांसाठी तयार झाली होती, त्यामुळे सोपी असणे हा तिचा दोष नव्हे. मात्र जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला तीत पैकीच्या पैकी गुण मिळाले, तर त्यातून त्याच्या मेंदूविषयी फारसे काही कळत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील प्रौढांचे गुण शिक्षणानुसार मांडण्यात आले, तेव्हा किमान नऊ वर्षे शाळा शिकलेल्यांचा मध्यांक २९, तर चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा २२ निघाला.

मेंदूत बिघाड असूनही तो बाहेर दिसत नाही, हे शवविच्छेदनातून पुढे आले. रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये शुश्रूषागृहांतील १३७ मृत वृद्धांचे मेंदू तपासले. त्यांतील दहा जणांत अल्झायमरच्या खुणा असूनही हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती आणि त्यांचे मेंदू वजनाने अधिक भरले. याकोव्ह स्टर्न यांनी १९९२ मध्ये दाखवले की आजाराची बाह्य तीव्रता सारखीच असलेल्या रुग्णांत अधिक शिकलेल्यांच्या मेंदूच्या काही भागांतील रक्तप्रवाह जास्त घटलेला असतो. म्हणजे लक्षणे दिसेपर्यंत त्यांचा आजार बराच पुढे गेलेला असतो. बौद्धिक गंगाजळी, म्हणजे मेंदूची राखीव क्षमता, तोवर तूट भरून काढत राहते.

तेव्हा माणसाची तुलना सरासरीशी न करता त्याच्याच पूर्वीच्या पातळीशी करायला हवी. पण ती पातळी कळणार कशी? हेझल नेल्सन यांच्या १९८२ च्या ब्रिटिश चाचणीत ५० अवघड इंग्रजी शब्द मोठ्याने वाचायचे असतात. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दातले मुके ‘बी’ ज्याने एकेकाळी शिकून घेतले, त्याला ते आजाराच्या सुरुवातीलाही सहसा विसरत नाही, यावर ती आधारलेली आहे. (देवनागरीत लिहिले तसेच बहुतांशी वाचले जाते, त्यामुळे ही युक्ती मराठीत जशीच्या तशी चालणार नाही.)

डोरीन रेंट्झ यांच्या गटाने २००४ मध्ये हीच तुलना थेट निकषांत आणली. बुद्ध्यांक १३० असलेल्या व्यक्तीसाठी अपेक्षित पातळी १०० ही सरासरी नव्हे, १३० धरायची. मग सर्वसाधारण माणसाला चांगले ठरणारे गुणही तिच्या बाबतीत घसरण दाखवू शकतात. प्रचलित निकषांनी निरोगी ठरलेल्या ४२ बुद्धिमान वृद्धांपैकी ११ जण या मापाने कमी पडले आणि साडेतीन वर्षांनी त्यांतील नऊ जणांची आणखी घसरण झालेली आढळली. एवढ्या लहान गटावरून नियम बांधता येत नाही. तरी केवळ माप बदलून हे आधी दिसले, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

त्याच वर्षी अमिलॉइड हे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे प्रथिन जिवंत माणसाच्या मेंदूत दाखवणाऱ्या पेट-स्कॅनचे पहिले मानवी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रेंट्झ यांनी पुढे १६ अनोळखी चेहरे, त्यांची नावे आणि व्यवसाय लक्षात ठेवायला लावणारी मुद्दाम अवघड चाचणी वापरली. २०११ मध्ये निरोगी दिसणाऱ्या वृद्धांतही तिचे गुण आणि मेंदूतील अमिलॉइड यांचा संबंध आढळला.