ना आत, ना बाहेर

"नुसता बसून खायलोय, मॅडम."

तेवीस वर्षांचा मुलगा एवढंच बोलला आणि गप्प झाला. पुण्यातली नोकरी सहा महिन्यांत सुटली, सामान घेऊन परत कोल्हापूर. काका म्हणतात, उद्यमनगरात वर्कशॉपला ये. हा दुपारी बारापर्यंत पांघरुणात. (ओळख पटू नये म्हणून दोघातिघांचे तपशील इथं एकत्र केलेत.)

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणारे बरेचसे विशी-पंचविशीतले असतात. कुणाची डिग्री संपलीय, कुणाचा स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न फसलाय, कुणाचं लग्न ठरलंय. लग्न ठरल्यावर रडू येतंय, हे सांगताना मुली ओशाळतात. खरं तर ओशाळण्यासारखं त्यात काही नाही. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ साली ताण देणाऱ्या ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, नोकरीवरून काढलं जाण्याला ४७ आणि लग्नाला ५०! मोठं यश मिळालं तरी २८. एकच घटना प्रत्येकाला सारखी बोचत नाही, त्यामुळे या यादीवर पुढं टीका झाली आणि ती रास्तच होती. पण बदल सुखाचा असला तरी मनाला किंमत मोजावी लागते, हे त्यातून पुढं आलं.

का मोजावी लागते? आपल्या सवयी जागेला चिकटलेल्या असतात. ठरावीक बस, कँटीनचा चहा, शेजारचा मित्र, यांच्या खुणांवर दिवस आपोआप पुढं सरकतो. जागा बदलली की खुणा जातात आणि साधं उठणंसुद्धा ठरवून करावं लागतं. त्यात नियोजन आणि आवर यांचं काम बघणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. काही आईबाप यातून 'म्हणजे यांना निर्णयच घेऊ द्यायचे नाहीत' असा सोयीस्कर अर्थ काढतात. निर्णय घेता घेताच तो भाग घडतो, हे मला त्यांना दरवेळी सांगावं लागतं.

मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये स्थित्यंतराच्या विधींचे तीन टप्पे सांगितले: जुन्यातून सुटणं, मधला काळ, नव्यात सामावणं. मधल्या टप्प्याला त्यांनी दिलेलं नाव उंबरठ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलंय. माप ओलांडणाऱ्या नवरीचा उंबरठा एका पावलात संपतो. नोकरी शोधणाऱ्याचा दोन-दोन वर्षं संपत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी सनईही लावत नाही.

मी स्वतः चंदगड तालुक्यातून इथल्या होस्टेलवर आले, तेव्हा पहिला महिनाभर संध्याकाळी सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर जाऊन गावची गाडी सुटताना बघायचे. पुढं मानसशास्त्रात एम.ए. केलं, अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली काम केलं. पण उंबरठा मला कळला तो त्या फलाटावर. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. शिक्षणाच्या इतिहासात त्यांचा मान मोठा आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: गाव सुटलेली पोरं तिथं एका पंगतीला बसत होती. आजचा मुलगा तोच काळ मोबाइल घेऊन एकटा काढतो.

म्हणून मी 'पुढं काय करणार' हे पहिल्यांदा विचारत नाही. ते घरात रोज विचारलं जातं. मी विचारते, काय संपलं? त्या मुलाचं दुःख पगाराचं निघालं नाही. "पुण्यात असतो" असं तालमीतल्या पोरांना सांगता येत होतं, ते गेलं होतं.

मग कृती. 'मूड आला की उठेन' हे गणित उलटं मांडायचं: आधी उठायचं, मूड मागून येतो. निराशेवरच्या उपचारात ही पद्धत चांगली तपासलेली आहे. दिवसभरात काय केलं ते वहीत लिहायचं आणि बरं किती वाटलं याला दहापैकी गुण द्यायचे. काम दिसायला किरकोळ, पण पहिल्या आठवड्यात वही बहुतेक कोरीच येते.

सगळंच 'वय आहे, जाईल' म्हणून सोडू नये. आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसलं. दोन आठवडे झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. औषध ते देतात, मी नाही. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

चौथ्या भेटीला त्या मुलाची वही भरलेली होती. मंगळवार: रंकाळ्याला एक फेरी, ४. जुन्या ऑफिसच्या ग्रुपमधून बाहेर पडलो, १. काकांकडे लेथवर दोन तास, ७.

"सात कसे पडले, कळंना," म्हणाला.

"तपासून बघू. पुढच्या मंगळवारी पण जा."

"बुधवारी गेलो तर चालंल? मंगळवारी काका दुपारी झोपतात."