बांबू तोडल्याने जंगल संपत नाही, चुकीचा बांबू तोडल्याने संपतं

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात आणि त्यासोबत "एकही झाड तोडू नका" हा मेसेज. २०१९ ला तर आपल्या राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं टार्गेट होतं. झाडं जरूर लावा, पण जंगल वाचवायचं म्हणजे तोड कायमची बंद, हे जे आपल्या डोक्यात बसलंय ते बांबूच्या बाबतीत साफ चूक आहे.

मुळात बांबू हे गवत. साग, आंबा यांच्या सालीखाली कँबियम नावाचा पेशींचा थर असतो, तो दरवर्षी नवीन लाकूड बनवतो म्हणून खोड जाड होत जातं. बांबूत तो नाहीच! कोंब जमिनीतून जेवढा जाड वर येतो तेवढाच जन्मभर राहतो, आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. आता गंमत बघा, त्या काळात त्याला नीट पानं पण फुटलेली नसतात, मग एवढं अन्न येतं कुठून? तर मागच्या एक-दोन वर्षांच्या बांबूंनी बनवलेली साखर जमिनीखालच्या आडव्या खोडात स्टार्च म्हणून साठलेली असते, तीच कोंबाला मिळते. म्हणजे कोवळा बांबू तोडला की पुढच्या वर्षीच्या कोंबांचं अन्नच तोडलं.

दुसरं म्हणजे हे आडवं खोड बाहेरच्या बाजूला वाढतं, त्यामुळे बांबूच्या बेटात म्हणजे झुपक्यात जुने बांबू मधे आणि नवे कडेला. घाईत तोडणारा हाताला लागतो म्हणून कडेचाच तोडतो, आणि तिथेच बेटाची वाट लागते. खरी पद्धत अशी, एका बाजूने आत शिरायचं, तीन वर्षांवरचे काढायचे, तेही गाठीच्या लगेच वर कापून म्हणजे पेरात पाणी साचत नाही, आणि त्यातलेही काही आधाराला ठेवायचे. अजिबात तोड नाही केली तर मधे गर्दी होते, कोंब वाकडे होतात, मरतात आणि वाळलेले बांबू वणव्याला आयतेच मिळतात.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मधे वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मधे बांबू वाहतुकीचा पास देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे परत यायचंय हे माहीत असलेला माणूस कडेचा बांबू तोडत नाही.

आणि ते "बांबू फुलला की दुष्काळ येतो" वगैरे. फुलाचा आणि पावसाचा काही संबंध नाही. मिझोराममधला बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, बियांचा खच पडतो, उंदीर बेसुमार वाढतात आणि बिया संपल्या की शेतातलं भात खातात. १९५९ च्या सुमारास तिथे यातूनच भुकेचं संकट आलं. अपशकुन नाही, उंदीर!

आपल्याकडचा काटेरी नसलेला भरीव बांबू पण असाच कित्येक वर्षांनी फुलतो आणि फुलून मरतो. मग जमिनीवर हजारो रोपं आपोआप उगवतात, खड्डे खणायची गरजच नसते. पण गुरांनी ती खाल्ली किंवा मोहाची फुलं वेचायला झाडाखाली लावलेली आग तिकडे गेली की सगळं गेलं, म्हणून तिथे निदान चार-पाच वर्षं चराई आणि आग दोन्ही थांबवावी लागते.