बेफाम दुचाकी आणि १८६० सालचे हजार रुपये

२०२५ च्या मे महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयासमोर जामिनाचा एक अर्ज आला. प्रकरण कोप्पळ जिल्ह्यातल्या गंगावतीचे. भर रस्त्यात व्हीलिंग करणारा, म्हणजे पुढचे चाक उचलून एकाच चाकावर दुचाकी पळवणारा तरुण, त्याला अडवायला गेलेले पोलीस, घसरलेली गाडी आणि त्यानंतर पोलिसांवरच उगारलेले हात, असा सगळा प्रकार. न्यायालयाने जामीन नाकारला. पण निकालात त्याहून मोठी गोष्ट होती. व्हीलिंग आवरायला पोलिसांच्या हातात जो कायदा आहे त्याला दातच नाहीत, राज्य सरकारने कडक तरतूद करावी, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. नुसत्या व्हीलिंगवर गुन्हा नोंदवायचा तर हाताशी उरते ते बेदरकार वाहन चालवण्याचे कलम, आणि ते जामीनपात्र.

गंगावती आपल्या बेळगावपासून लांब असली तरी हा प्रकार लांबचा नाही. टिळकवाडीत काँग्रेस रोडच्या आसपास राहणाऱ्याला किंवा खानापूर रोडने रात्री घरी परतणाऱ्याला सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज वर्णन करून सांगावा लागत नाही. प्रश्न असा की इतकी वर्षे कायदे होत आले, दंड वाढत गेले, मग दात कुठे गेले? त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

भारतीय दंड संहिता १८६० ची, अमलात आली १ जानेवारी १८६२ ला. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि रस्त्यावर बैलगाड्या, टांगे, घोडी. त्या काळासाठी लिहिलेले कलम २७९ म्हणते: सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे वाहन हाकणे किंवा स्वारी करणे हा गुन्हा, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या काळी हजार रुपये एकरकमी पाहिलेला माणूस गावात शोधावा लागला असता, म्हणजे शिक्षा जबर होती. आता गंमत पाहा. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक २८१ झाला, आणि दंड? हजार रुपये. आज तेवढ्यात बुलेटची टाकीही काठोकाठ भरत नाही.

बेदरकारपणे कुणाचा जीव घेतला तर काय, याचे स्वतंत्र कलम मूळ संहितेत नव्हतेच. ते १८७० मध्ये घातले गेले, ३०४-अ, जास्तीत जास्त दोन वर्षे. पुढची दीडशे वर्षे अपघाती मृत्यूच्या बहुतेक खटल्यांचा डोलारा या दोन वर्षांवर उभा राहिला. न्यायालयांनीही त्याचे अर्थ लवकरच बांधून टाकले. मद्रास उच्च न्यायालयाने १८७२ मध्ये बेदरकारपणाची जी व्याख्या केली ती आजच्या व्हीलिंगवाल्याला तंतोतंत बसते: घातक परिणाम होऊ शकतो याची जाणीव आहे, पण होणार नाही अशी आशा धरून माणूस ते कृत्य करतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ मध्ये दुसरी बाजू घट्ट केली. मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचाच थेट परिणाम हवा, मध्ये दुसऱ्या कुणाच्या निष्काळजीपणाचा धागा आलेला चालणार नाही. तेव्हा आपण मुंबईच्याच न्यायकक्षेत होतो, तो निकाल आपलाच. बचावाच्या वकिलाला त्यातून कायमचे हत्यार मिळाले. समोरचा अचानक वळला, म्हैस आडवी आली, म्हातारा न बघता रस्ता ओलांडत होता. यातले काही खरेही असते, हे सांगायला हवे.

मोटारी आल्या तसे वेगळे कायदे झाले. मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये आपला मोटार कायदा केला, देशभराचा १९१४ मध्ये आला, मग १९३९ चा, त्यात कलम ११६ धोकादायक वाहन चालवण्याचे. या सगळ्या कायद्यांच्या डोळ्यांसमोर होती बस, लॉरी आणि साहेबाची मोटार. फटफटी गावात एखाद्याकडे असायची, ती आली की पोरे मागे धावायची. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषावार पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले आणि लायसनवरचा शिक्का बदलला, पुढे नियमही म्हैसूरचे आले. सीमाप्रश्नाचा इतिहास इथे सांगायचा नाही. रस्त्यापुरते एवढेच महत्त्वाचे, की एकाच केंद्रीय कायद्याचे नियम आणि दंड ठरवणारे सरकार सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे झाले.

खरा बदल १९८५ चा. त्याआधी मद्रासची बुलेट होती, राजदूत होती, म्हैसूरला बनणारी जावा आणि नंतर येझदी होती. दणकट आणि जड गाड्या. १९८५ मध्ये शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, त्यात हिरो होंडा सीडी १०० पोटापुरते पेट्रोल पिणारी, आणि यामाहा आरएक्स १०० हिच्या अगदी उलट स्वभावाची. इंजिन ९८ सीसीचे, टू स्ट्रोक, ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. क्लच झटकन सोडला की पुढचे चाक उचलते, आणि व्हीलिंगचे मूळ या साध्या हिशेबात आहे. १९९६ ला ती बनायची थांबली, पण आमच्या भागात जुन्या आरएक्सला आजही नव्या गाडीसारखा भाव येतो. २००१ ला पल्सर आली, २०१२ ला चाकणहून केटीएम ड्यूक. कॉलेजातल्या पोराच्या हाती हप्त्यावर येणारी ताकद दर दशकाला वाढत गेली. बेळगाव हे तर फाउंड्री आणि लेथचे गाव. सायलेन्सर बदलणे, हँडल कापणे, मडगार्ड उडवणे याला इथे मुंबईहून कारागीर आणावा लागत नाही.

कायदाही याच काळात नव्याने लिहिला गेला. मोटार वाहन कायदा १९८८, अंमल १ जुलै १९८९ पासून. कलम १८४ धोकादायक वाहन चालवणे, १८९ शर्यत लावणे. दंड पुन्हा हजाराच्या घरातच. न्यायालये मात्र मधल्या काळात अस्वस्थ होती, आणि यातले दोन महत्त्वाचे निकाल कर्नाटकाच्याच खटल्यांतले आहेत. १९८७ मध्ये, जीव घेणाऱ्या चालकाला किरकोळ दंडावर सोडल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने ही अनाठायी दया असल्याचे म्हटले आणि सहा महिन्यांची कैद दिली. १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने एका ट्रकचालकाची निर्दोष सुटका कायम ठेवली. साक्षीदार फक्त ‘गाडी जोरात होती’ म्हणाले होते, आणि जोरात असणे म्हणजे आपोआप बेदरकारपणा नव्हे, तो पुराव्याने दाखवावा लागतो, असे न्यायालयाने सांगितले. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य आहेत. पण एकत्र वाचले की तपास करणाऱ्याची पंचाईत लक्षात येते. शिक्षा कडक हवी, आणि पुरावा त्याहून कडक. पंचनाम्यात ‘भरधाव व निष्काळजीपणाने’ हे ठरलेले शब्द लिहून भागत नाही. घसरटीच्या खुणा मोजणे, गाडीची तांत्रिक तपासणी वेळेत करून घेणे, चौकातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्याआधी ताब्यात घेणे, हे सगळे लागते.

मधल्या काळात जे गावोगाव चालले ते कायद्याच्या पुस्तकात नाही. दुचाकीने कुणाला उडवले की दोन्हीकडचे पंच बसायचे, दवाखान्याचा खर्च ठरायचा, ‘मिटवून टाकूया की ओ’ म्हणत फिर्याद व्हायची नाही. जखमीच्या घरालाही कोर्टाच्या फेऱ्यांपेक्षा ते बरे वाटे. त्यात कागदपत्र कन्नडमध्ये, मराठी माणसाला वाचून दाखवायला कुणीतरी हवा. मिटवामिटवीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही, पण तिचा एक परिणाम झाला. बेफाम चालवणाऱ्याच्या नावावर कसलीच नोंद राहिली नाही, आणि दुसऱ्यांदा गुन्हा केल्यास जास्त शिक्षा ही तरतूद कागदावरच राहिली.

२०१९ ची दुरुस्ती आली तेव्हा वाटले आता धाक बसेल. १ सप्टेंबरपासून १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, तीन वर्षांत पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार. सिग्नल तोडणे, उलट दिशेने येणे, हातात मोबाईल धरून चालवणे हे धोकादायक वाहन चालवण्यात नाव घेऊन घातले. व्हीलिंगचे नाव त्यात नाही. ‘सक्षम व काळजीपूर्वक चालकाकडून अपेक्षित दर्जाच्या खूप खाली’ अशा एका मोघम वाक्यात ते बसवावे लागते.

मग राज्यांनी काय केले? कर्नाटकाने वाढीव दंड लावले आणि तीनच आठवड्यांत ओरड झाल्यावर अनेक कलमांत घटवले. हेल्मेटचा हजार पाचशेवर आला. महाराष्ट्राने तर हे दंड लावायचेच नाकारले, ते लागू झाले डिसेंबर २०२१ मध्ये. त्या दोन वर्षांत बेळगावहून आंबोलीला पावसात फिरायला निघालेल्या पोराला वाटेत दंडाचे दोन दर लागत होते, आणि चोर्ला उतरून गोव्यात गेला तर पोलीस तिसऱ्याच राज्याचे. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये कर्नाटकाने थकलेल्या रहदारी दंडावर पन्नास टक्के सवलत दिली. लोकांनी रांगा लावून भरले. तिजोरीत पैसे आले हे खरे, पण शिक्षेला सेलचे दिवस असतात हेही पोरांनी पाहिले.

सणावारांचे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एरवी ट्रिपल सीट दिसली की शिट्टी वाजवणारे रहदारी पोलीस मिरवणुकीच्या दिवशी बाजूला उभे असतात. कर्नाटक राज्योत्सव असो, शिवजयंती असो, विजयी उमेदवाराची दुचाकी रॅली असो. झेंडा कुठल्या रंगाचा यावर इथे कोणी फरक करत नाही, ही त्यातल्या त्यात समता. महाराष्ट्र एकीकरण समितीची, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्यांची, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी मला म्हणूनही बरी वाटते, सायकलवर व्हीलिंग केली तरी ढोपरावर निभावते.

न्याय संहितेने एक गोष्ट नक्की बदलली. निष्काळजीपणाने मृत्यूची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली, कलम १०६(१). अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची कैद सांगणारे १०६(२) मात्र जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर अमलातून बाजूला ठेवले गेले. पण पाच वर्षे झाली म्हणून व्हीलिंग थांबेल असे मला वाटत नाही, कारण ती शिक्षा कुणी मेल्यानंतरची आहे. चाक उचलणाऱ्याच्या डोक्यात १८७२ चीच आशा असते. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्यातल्या अनेकांसाठी कायद्याच्या शिक्षेचा प्रश्नच उरला नव्हता. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच एका प्रकरणात सांगितले की स्वतःच्या बेदरकारपणाने मेलेल्या चालकाच्या वारसांना विमा कंपनीकडून भरपाई मागता येणार नाही. ते प्रकरण मोटारीचे होते, तत्त्व दुचाकीलाही तेच.

उच्च न्यायालयाने मागितलेले अजामीनपात्र कलम आले तर त्याचे काय होईल, याची मला धास्ती आहे. ज्याच्या घरचा फोन वरपर्यंत जातो तो सुटेल आणि मेकॅनिककडे काम करणारे पोर हिंडलग्याच्या तुरुंगात जाईल. त्यापेक्षा २०१९ च्याच दुरुस्तीत दडलेले दोन कागद बाहेर काढावेत. कलम २०६(४) सांगते की वेग, धोकादायक चालवणे, नशा, शर्यत, हेल्मेट यांपैकी गुन्हा दिसला तर पोलिसाने लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवावे. कलम १९ सांगते की पहिल्यांदा तीन महिने लायसन निलंबित, दुसऱ्यांदा रद्द, आणि परत मिळवायचे तर उजळणी प्रशिक्षण. ऑक्टोबर २०२० मध्ये कर्नाटकाच्या परिवहन खात्याने हेल्मेट नसल्यास तीन महिने लायसन निलंबित करायचे आदेशही दिले होते. आज लायसनची नोंद देशभर एकाच संगणक प्रणालीत आहे, त्यामुळे बेळगावात निलंबित झालेले लायसन महाराष्ट्रातल्या चंदगडला चालू राहायचे कारण नाही. उद्यमबागेत कामाला जाणाऱ्याला, कॉलेजला जाणाऱ्याला तीन महिने बसने जायला लावणे हे पाचशेच्या पावतीपेक्षा झोंबते. त्यातून घरात जी बोलणी बसतात ती निराळीच.

उरतो तो ज्याच्याकडे लायसनच नाही, वयच सोळा-सतरा. त्यासाठी कलम १९९-अ आहे: पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पालकाला माहीत नव्हते हे पालकानेच सिद्ध करायचे. कलम जबरदस्त आहे, पण सीमाभागात ते एका जागी अडते. गडहिंग्लज-कागलकडून जुनी गाडी स्वस्तात येते, एमएच-०९ ची पाटी तशीच राहते, नाव बदलायला ना-हरकत दाखला, कर, खेपा, म्हणून कोणी बदलत नाही. परराज्यात विकलेल्या गाडीचे कागद विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांत पाठवायचे असा नियम आहे. तो पाळला नाही तर कागदावर मालक पहिलाच राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितल्याप्रमाणे अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावरच. बेळगावच्या वडगावातल्या पोराने उचललेल्या चाकाची नोटीस तेव्हा गडहिंग्लजच्या शेतकऱ्याकडे जाते, ज्याने ती गाडी दोन वर्षांपूर्वी विकून म्हैस घेतलेली असते. नाक्यावर हेल्मेट पाहणाऱ्यांनी त्याच वेळी नोंदणीचे नाव आणि चालवणाऱ्याचे नाव ताडून पाहिले, तर १९९-अ योग्य घरी पोचेल.