राक्षसाची कैफियत

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीचा जन्म कसा झाला, तो किस्सा बहुतेकांना पाठ असतो. १८१६ साल, जिनिव्हा सरोवराचा काठ. आदल्या वर्षीच्या तंबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे युरोपात त्या साली धड उन्हाळा आलाच नाही. पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींत कवी बायरनने भुताच्या गोष्टी लिहिण्याची टूम काढली आणि अठरा वर्षांच्या मेरीला विषय सुचला. पण हे भूत, म्हणजे फ्रँकेन्स्टाइन नावाच्या तरुणाने प्रेतांच्या अवयवांतून घडवलेला आणि टाकून दिलेला जीव, वाचताना भीतीऐवजी पोटात का तुटतं, हे त्या किश्शावरून कळत नाही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. मेरी १७९७मध्ये जन्मली आणि दोन आठवड्यांच्या आत तिची आई गेली. १८१५मध्ये तिचं स्वतःचं पहिलं मूल, अपुऱ्या दिवसांची मुलगी, जेमतेम काही दिवस जगलं. पुढे तिने रोजनिशीत एक स्वप्न टिपलं: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ चोळलं आणि ते जिवंत झालं. प्रेतांवर विजेचे प्रयोग तेव्हा गाजत होतेच; पण मला या नोंदीचं वजन जास्त वाटतं.

१ जानेवारी १८१८ला कादंबरी निघाली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. मुखपृष्ठाआतल्या पानावर कवी मिल्टनच्या महाकाव्यातल्या आदमची देवाकडची तक्रार छापली होती: मला घडव असं मी तुला सांगितलं होतं का? कादंबरीच्या मधोमध तो बिननावाचा जीव स्वतःच बोलू लागतो, आणि सगळी ताकद तिथे आहे. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात लपून तो फटीतून त्यांचं घर न्याहाळतो. आपण चोरतो त्या अन्नाविना हे उपाशी राहतात, हे दिसताच तो चोरी सोडतो आणि कंदमुळांवर भागवतो. रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो, वाटेवरचं बर्फ बाजूला करतो. हे कुणा चांगल्या अदृश्य शक्तीचं काम असावं, असं त्यांना वाटतं. ऐकून ऐकून तो भाषा शिकतो. शेवटी धीर करून आंधळ्या म्हाताऱ्यापुढे जातो. म्हातारा मायेने बोलतोही. तेवढ्यात मुलं परततात आणि मुलगा त्याला काठीने झोडपतो. उलटून मारणं सहज शक्य असूनही तो हात उचलत नाही.

खून पुढे होतात, एका लहान मुलापासून सुरुवात होते. मेरी त्यांवर पांघरूण घालत नाही, म्हणूनच आपली सहानुभूती स्वस्त राहत नाही.

१८२३मध्ये लंडनच्या रंगभूमीवर हे कथानक आलं, तेव्हा त्या जीवाची वाचाच काढून घेतली गेली. पात्रांच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. मेरीला ती कल्पना मात्र आवडली. १९३१च्या चित्रपटात बोरिस कार्लोफही मुकाच आहे, सगळं डोळ्यांनी आणि हातांनी सांगतो. १९३५च्या पुढच्या भागात त्याला मोजके शब्द मिळाले. त्यातला ‘मित्र’ हा शब्द त्याला एका आंधळ्या माणसाच्या झोपडीत शिकायला मिळतो.