पाडव्याचा चक्का नेताय? आधी हे वाचा

पाडव्याच्या दुपारी, पानं वाढायच्या वेळेला, दुकानात हमखास फोन येतात : "चक्का पातळ होता, श्रीखंड वाहतंय." म्हणून हा कागद डब्यासोबत देतो आहोत.

आमचा चक्का म्हशीच्या दुधाच्या दह्याचा. दही रात्रभर मलमलीच्या फडक्यात टांगतो, सकाळी वर वजन ठेवतो. बोटाने दाबून खळगा तसाच राहिला, तरच तो विक्रीला येतो. डब्यात कडेला चमचाभर निवळ दिसली तर काळजी नको, ती सुटतेच.

घोळ होतो तो मिक्सरमध्ये. पातं फिरलं की चक्क्याची घट्ट वीण मोडते, साखरेचं पाणी मोकळं होतं आणि भांड्यात पियुष उरतं. मग फ्रिजमध्ये कितीही ठेवा, पहिल्यासारखं घट्ट होत नाही.

किलोभर चक्क्याला ८०० ग्रॅम साखर पुरते. जास्त गोड हवं असेल तर किलो. हाताने कालवून झाकून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. साखर विरघळताना मिश्रण सैल होणारच. घाबरून ते पुन्हा टांगू नका, पाण्याबरोबर साखरही गळून जाते. मग पुरणयंत्राला बारीक जाळी लावून फिरवा. यंत्र नसेल तर स्टीलच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने घासा. हात भरून येतो, पण गुठळी राहत नाही. केशर खलायला चमचाभर कोमट दूध बास, अर्धी वाटी नको. वेलची-जायफळ शेवटी. आम्रखंड करणार असाल तर रस आधी आटवून पूर्ण गार करा आणि साखर कमी घ्या.

हे श्रीखंड रात्रभर गार झालं की चमच्यावर उभं राहतं. त्यासाठी चक्का आदल्या दिवशीच न्या. पाडव्याला सकाळी नऊला नेऊन बाराला नैवेद्य दाखवायचा, तर घाई होते आणि हात मिक्सरकडे जातो.

भावाबद्दलही विचारता. किलोभर चक्क्याला आमच्याकडे अडीच लिटरच्या आसपास दूध लागतं आणि वजन वाढवायला आम्ही त्यात काहीही घालत नाही. साखर घातलेला चक्का मात्र परत घेता येणार नाही.

वेळ नसेल त्यांच्यासाठी यंत्रातून काढलेलं तयार श्रीखंड आहे. नोंदणी चार दिवस आधी करा. डब्यासोबत कडुलिंबाचा कोवळा डहाळा आमच्याकडून, गुढीला आणि प्रसादाच्या चटणीला.